गणराया, एक पेला

टेकडीवरच्या गणराया, नोकरी मागणारे, सून मागणारे, परीक्षेतले गुण मागणारे, सगळे तुझ्या दारी येऊन गेले असतील. मला पाणी प्यायचा एक पेला हवा आहे. हसू नकोस बाप्पा, आधी ऐकून घे.

माझा लेक तेरा वर्षांचा झाला. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, हे तुला नव्याने सांगायला नको. तहान त्याला चारचौघांसारखीच लागते. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर चढला, नवतपा लागला, की जरा जास्तच लागते. 'पाणी' म्हणता येत नाही त्याला. तो माठाकडे बघतो. मग मी उठते.

स्टीलचा पेला ओठांना टेकला की त्याचा जबडा आपोआप आवळला जातो. तो मुद्दाम करत नाही. पण स्टीलवर दात करकरल्याचा तो आवाज माझ्या कानातून जात नाही. काचेचा पेला घरातून कधीच गेला. सिपरमधून पाणी ओढायला जोर लागतो, तेवढा त्याच्या ओठांत नाही. शिवाय झाकणाच्या खाचेत बुरशी धरते. थेरपीच्या बाईंनी शिकवलं, मऊ प्लास्टिकचा पेला घ्या आणि नाकाच्या बाजूचा काठ अर्धगोल कापा, म्हणजे तळाचं पाणी पितानाही मान मागे टाकावी लागणार नाही. मान मागे गेली की पाणी श्वासनळीत उतरायची भीती. हनुवटी जराशी खाली, एक घोट, थांबायचं, मग दुसरा.

तसा पेला मी घरीच कात्रीने कापते, काठ पॉलिश पेपरने घासते, आधी माझ्याच ओठांवर फिरवून बघते. दोन महिन्यांत चावून चावून त्याला चीर जाते. तुकडा घशात अडकेल म्हणून टाकून द्यावा लागतो. पुन्हा कात्री, पुन्हा पॉलिश पेपर. दुकानांत दोन कानांचे मजबूत कप दिसतात, पण ते दीड वर्षाच्या मुठीचे. माझ्या लेकाला मिसरूड फुटतं आहे बाप्पा, आणि त्या कपांवर ससा आहे.

तुझं बघ. देवघरातली तुझी पळी-पंचपात्री माझ्या आजेसासूबाईंच्या हातची. घरं बदलली, माणसं गेली, ती तशीच आहे. तुला पाणी पळीपळीनेच द्यायचं, हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. घाई करायची तर सोयच नाही.

आठवतं तुला? २१ सप्टेंबर १९९५. तू दूध पितोस अशी बातमी देशभर पसरली होती. मीही शाळेच्या गणवेशात वाटी-चमचा घेऊन रांगेत उभी होते. पुढे शास्त्रज्ञांनी सांगितलं की दूध पृष्ठताणाने चमच्यातून वर ओढलं जातं आणि मूर्तीवरून ओघळून जातं. असेल. मला त्या दिवसाचं वेगळंच आठवतं. मोठमोठी माणसं चमचा तिरपा धरून, श्वास रोखून, तुझ्या एका घोटाची वाट बघत होती. दूध खाली ओघळलं म्हणून कुणी तोंड फिरवलं नाही. माझ्या लेकाच्या हनुवटीवरून पाणी ओघळतं, तेव्हा पंगतीतली माणसं आपापल्या पानात बघू लागतात. वक्रतुंड म्हणून हात जोडतो आम्ही तुला. वाकड्या तोंडाचं मोल तू नाही जाणणार, तर कोण?

त्याला बरं कर, असं आज मागत नाही. ते मागून झालं. आता मागणं हातात मावेल एवढंच आहे. २०१६ साली इंग्लंडातल्या डेव्हनमध्ये एक बाप असाच हिंडत होता. त्याचा स्वमग्न मुलगा एकाच प्रकारच्या निळ्या कपातून पाणी प्यायचा, आणि तो कप बाजारातून गेला होता. लोकांनी घराघरांतले जुने कप शोधून पाठवले. टॉमी टिपी कंपनीने जुना साचा हुडकून एका पोरासाठी ५०० कप बनवून दिले. त्याच वर्षी आपल्याकडे दिव्यांगांचा नवा कायदा झाला. त्यात दिव्यांगत्वाचे प्रकार मोजले २१, तुझ्या दूर्वांइतके. माझ्या लेकाचा आजारही त्यात नावानिशी आहे. मोजणी झाली, देवा. आता कुणाच्या तरी मनात साचा घाल.

परवा इतवारीत भांड्यांच्या दुकानात उभी होते. शेजारी एक बाई पेल्यांवर नावं घालून घेत होती. मशीन घुर्र घुर्र चाललं होतं. दुकानदार मला म्हणाला, "ताई, तुमच्या पेल्यावर काय नाव घालू?" मी हातातला प्लास्टिकचा पेला पदराआड केला. दोन महिन्यांच्या सोबत्यावर कोण नाव घालतं?

म्हणून मागते. कुणा कारागिराला, कुणा कारखानदाराला बुद्धी दे. चावला तरी चिरणार नाही, दाताला लागणार नाही, मोठ्या मुलाच्या हाताला शोभेल असा पेला घडू दे. मी त्यावर लेकाचं नाव घालून घेईन. नाव घातलेलं भांडं कुठेही गेलं तरी कुणाचं ते कळतं. पुढेमागे मी नसेन, तो पेला कुणा दुसऱ्याच्या हातात असेल, वाढत्या उन्हाचा दिवस असेल, त्या माणसाला घाई असेल. त्याच्यासाठी नावाखाली आणखी एक शब्द घालून घेईन, बाप्पा.

सावकाश.