मंत्र, उपदेश आणि शाळेची भाषा

अर्थ न कळताही शब्द फळ देतो काय, हा भारतीय धर्मचिंतनातील जुना प्रश्न आहे. परभाषेतून शालेय विषय शिकवण्याच्या वादाच्या तळाशीही तोच आहे. ज्याचे सामर्थ्य अचूक उच्चारात मानले जाते तो मंत्र, आणि ऐकणाऱ्याला उमगले तरच सफल होते ते सांगणे म्हणजे उपदेश, असा भेद येथे धरला आहे. मंत्र निरर्थक आहेत, हे कौत्साचे मत ‘निरुक्त’कार यास्कांनी खोडून काढले, शिवाय अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला ओझे वाहणाऱ्या खांबाची उपमा देणारे जुने वचनही त्यांनी नोंदवले. मंत्राबाबतही अर्थाचा एवढा आग्रह असेल, तर गणिताबाबत तो सैल कसा करावा?

उपदेश ऐकणाऱ्याच्या भाषेत करण्याची उदाहरणेही जुनी आहेत. वसई भागातील बोळिंजजवळच्या सोपाऱ्यात, म्हणजे प्राचीन शूर्पारकात, 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो प्राकृतात आहे, आणि कंदाहारला त्याच सम्राटाने ग्रीक व अरामी भाषा वापरल्या. बुद्धवचने छंदात, म्हणजे बहुधा वैदिक संस्कृताच्या धाटणीत, घालावीत ही दोन ब्राह्मण भिक्षूंची सूचना बुद्धाने नाकारली आणि ती आपल्या ‘निरुत्ती’त, म्हणजे बोलीत, शिकण्याची मुभा दिली, अशी कथा विनयपिटकात आहे. यातील ‘आपल्या’ म्हणजे कोणाच्या, हा पेच आहे: भाष्यकार बुद्धघोषाने बुद्धाची मागधी असा अर्थ घेतला, तर अनेक आधुनिक अभ्यासकांनी शिकणाऱ्याची बोली असा. दुसरा अर्थच सयुक्तिक वाटतो, कारण वचने छंदात घातल्याने श्रद्धा नसलेल्यांत श्रद्धा उपजणार नाही, असे कारण तेथे दिले आहे, आणि ते ऐकणाऱ्याकडे पाहून दिलेले आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) वसईच्या चर्चमध्येही लॅटिनच्या जागी मराठी मिस्सा, म्हणजे उपासनाविधी, आली, आणि बोळिंजजवळच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले. देवाशी मराठीत बोलणारी घरे मुलांना मात्र इंग्रजी माध्यमात घालतात. नोकरी, न्यायालय आणि उच्च शिक्षण इंग्रजीच्या हाती आहे, ही त्यांची चिंता खरी आहे. पण तिच्यातून इंग्रजी उत्तम शिकवण्याची गरज सिद्ध होते, विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याची नव्हे. वाडीतल्या केळीला ऊन लागते, हे पाहत वाढलेल्या मुलाला ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्दही जडच जातो, तरी त्यातला ‘प्रकाश’ त्याच्या ओळखीचा असतो. ‘फोटोसिंथेसिस’मध्ये त्याला धरायला काहीच सापडत नाही, म्हणून शब्द पाठ होतो, शंका मनातच राहते आणि उपदेशाचा मंत्र होतो.

बुद्धघोषाचा पेच येथे मराठीवरही उलटतो. ज्या घरात सामवेदी, म्हणजेच कादोडी, ही वसईची बोली बोलली जाते, तेथील मुलाला प्रमाण मराठीही शाळेतच भेटते. म्हणून निरुत्ती शिकणाऱ्याची मानायची, तर पहिलीतल्या मुलाने सामवेदीत विचारलेली शंका, तिचे व्याकरण न सुधारता, आधी ऐकून घेणे मराठी शाळेवरही बंधनकारक ठरते.