तिरस्काराची उतरंड आणि मैत्रीचा मार्ग




या महिन्याच्या धम्मदेसनेची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. दुसऱ्यांना उपदेश करण्याआधी स्वतःचे मन तपासावे, हे धम्मानेच शिकवले आहे.

गेल्या एप्रिलमध्ये शारजात जयंतीचा कार्यक्रम होता. जेवणाच्या वेळी टेबलाजवळ एक तरुण उभा होता. अंगात कंपनीचा निळा कव्हरऑल, पायात धुळीने माखलेले सेफ्टी शूज. मी त्याला केटरिंगचा कामगार समजलो आणि हिंदीत म्हणालो, "अरे, चावल खतम हो गया, जल्दी लाओ." त्याने मान हलवली, भाताचे पातेले आणले आणि शेवटपर्यंत वाढत राहिला. समारोपाच्या सरणत्तयाला तो माझ्या मागच्या रांगेत उभा होता. पालीचा एक उच्चार चुकला नाही. चौकशी केली तेव्हा कळले, मुलगा परभणी जिल्ह्यातला. रात्रपाळी संपवून साइटवरून थेट आला होता. मी माफी मागितली. तो हसून म्हणाला, "असू द्या सर, सेवाच झाली."

पुढच्या महिन्याच्या वंदनेला तो आला नाही. त्याच्या खोलीतले दोघे नेहमी यायचे, तेही आले नाहीत. मी सोनापूरला त्यांच्या कॅम्पवर गेलो. त्यांनी आग्रहाने चहा पाजला. "तसं काही नाही सर, ड्युटी असते," एवढेच म्हणाले. ड्युटी असेलही. पण परत येताना गाडीत मला वेगळाच प्रश्न सतावू लागला. तो मुलगा आपला निघाला, म्हणून मला लाज वाटली. तो खरोखरच केटरिंगचा असता, बिहारचा किंवा बांगलादेशचा असता, तर मला काहीच वाटले नसते. त्या 'अरे'ची आठवणही राहिली नसती. माझी खरी चूक ही आहे.

बंधू-भगिनींनो, तिरस्कार म्हणजे काय हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवायला नको. आपल्या आजोबांच्या ओंजळीत वरून पाणी ओतले गेले. मग तोच तिरस्कार आपल्या जिभेवर कुठून आला?

बाबासाहेबांच्या आयुष्यातला 1929 सालचा चाळीसगावचा प्रसंग आठवा. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते त्या भागात गेले होते. स्टेशनवरून वस्तीत न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण तो हाकायला टांगेवाला बसेना. टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला. वाटेत अपघात झाला, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. विलायतेत शिकलेला बॅरिस्टर एका बाजूला आणि रोजच्या कमाईवर पोट भरणारा टांगेवाला दुसऱ्या बाजूला. तरी टांगेवाला स्वतःला वरचा समजत होता. या प्रसंगाची दुसरी बाजूही बाबासाहेबांनी सांगितली आहे. पाहुण्याला चालत नेणे वस्तीतल्या लोकांना त्यांच्या मानाला शोभणारे वाटले नाही, म्हणून त्यांनी हा खटाटोप केला होता.

जातिव्यवस्थेला बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले ते यासाठीच. या उतरंडीत प्रत्येकाला वरून लाथ बसते, पण प्रत्येकाला खाली लाथ मारायला कुणीतरी दिलेलेही असते. म्हणून ती मोडायला कुणी सहज तयार होत नाही. आपण विमानाने समुद्र ओलांडला, पण उतरंड सामानात आली. इथे तिची भाषा बदलते. तिथे जात विचारत होते, इथे व्हिसा, पगार, पासपोर्ट आणि राहण्याचा एरिया विचारतात.

तथागतांनी या रोगाला 'मान' असे नाव दिले. मान म्हणजे केवळ 'मी श्रेष्ठ' हा गर्व नव्हे. 'मी त्याच्याएवढाच' आणि 'मी त्याच्याहून हीन' हेसुद्धा मानच आहेत, असे धम्म सांगतो. कारण तिन्हींमध्ये माणूस हातात तराजू घेऊन बसलेला असतो. ऑफिसात गोऱ्या साहेबासमोर आपण स्वतःला हलके तोलतो आणि घरी आल्यावर वॉचमनसमोर जड तोलतो. तराजू एकच. मान हे इतके चिवट संयोजन आहे, की ते अर्हतपदाला पोहोचल्यावरच पूर्ण तुटते. म्हणून 'माझ्यात तो नाहीच' असे म्हणण्याची घाई आपण करू नये.

सुत्तनिपातातील वसल सुत्तात एक ब्राह्मण तथागतांना वसल, म्हणजे नीच, म्हणून हिणवतो. तथागत रागावत नाहीत. वसल कोण, हे ते त्यालाच समजावून सांगतात. जो स्वतःला उंचावतो, दुसऱ्याला तुच्छ लेखतो आणि आपल्याच अहंकाराने खाली येतो, तो वसल. त्याच सुत्तनिपातातील पराभव सुत्तात जन्माचा, धनाचा, कुळाचा ताठा धरून आपल्याच नातलगांना कमी लेखणे हे माणसाच्या अधःपतनाचे कारण सांगितले आहे. गावाकडे ज्या भावाच्या घरी अजून देव्हारा आहे, त्याला 'हे लोक सुधारायचे नाहीत' म्हणताना हे सुत्त आठवावे. त्याला धम्म सांगायचा आहे. पण तुच्छतेने सांगितलेला धम्म कुणाच्या कानात शिरत नाही.

यावर उपाय काय? शाक्य राजपुत्र संघात यायला निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली नावाचा न्हावी होता. राजपुत्रांनीच तथागतांना विनंती केली, की आम्हा शाक्यांना फार अभिमान आहे, म्हणून आधी उपालीला प्रव्रज्या द्या. संघात जो आधी येतो तो ज्येष्ठ. त्यामुळे कालपर्यंत केस कापणाऱ्या उपालीला राजपुत्रांना वंदन करावे लागले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे पठण याच उपालीने केले. मनात समता मानणे पुरेसे नाही, ती रांगेत आणि नमस्कारात दिसावी लागते, हे त्या राजपुत्रांना कळले होते.

कुणी विचारेल, मैत्री करायची म्हणजे अन्याय करणाऱ्यालाही गोंजारायचे का? नाही. 1927 साली महाडच्या सत्याग्रहाला ब्राह्मणेतर नेत्यांनी पाठिंबा देऊ केला, पण ब्राह्मणांना वगळण्याची अट घातली. बाबासाहेबांनी ती अट नाकारली. त्यांचा लढा ब्राह्मण्याशी होता. त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. अन्यायाविरुद्धचा संताप माणसाला कामाला लावतो. तिरस्कार मात्र समोरच्या माणसातले माणूसपण पुसून टाकतो आणि पुसताना आपला हातही काळा करतो.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला घेतलेल्या प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आहे आणि प्राणिमात्रांवर दया करण्याचीही आहे. त्या रोजच्या जगण्यात याव्यात यासाठी या महिन्यात चार गोष्टी करूया.

पहिली: घरी कामाला येणाऱ्या ताईंचा चहाचा कप वेगळा ठेवला आहे का, ते आजच पाहा. 'स्वच्छतेसाठी' हे उत्तर मनात आले, तर आपल्या आजीलाही हेच उत्तर मिळत होते, हे आठवा.

दुसरी: बिल्डिंगच्या वॉचमनचे आणि सफाई कामगाराचे नाव विचारा. पुढच्या भेटीत त्याच नावाने, आदराने हाक मारा.

तिसरी: मुलांसमोर कुणाचा देश, रंग, भाषा किंवा काम यावरून विनोद करू नका. मुले आपल्या भाषणांपेक्षा आपल्या विनोदांतून जास्त शिकतात.

चौथी: रोज झोपण्यापूर्वी पाच मिनिटे मैत्रीभावना करा. आधी स्वतःसाठी, मग प्रियजनांसाठी आणि शेवटी त्या एका माणसासाठी, ज्याच्याशी आज आपण तुसडेपणाने वागलो.

आपल्या मंडळासाठीही एक विनंती आहे. पुढच्या कार्यक्रमात त्रिशरण-पंचशील देण्याचा मान कॅम्पमधल्या बांधवांना द्यावा, पहिली रांग कुणासाठी राखून ठेवू नये आणि भाताचे पातेले आम्ही कार्यकारिणीच्या सदस्यांनी उचलावे. परभणीच्या त्या मुलाला निमंत्रण द्यायला मी पुन्हा सोनापूरला जाणार आहे. तो येईल की नाही, मला माहीत नाही. पण या वेळी भात मी वाढणार आहे आणि खरोखरच्या केटरिंगवाल्या बांधवालाही शेजारी बसवून जेवायला घालणार आहे.

सर्वांचे मंगल होवो. भवतु सब्ब मंगलं!
साधु! साधु! साधु!
जयभीम! नमो बुद्धाय!