फाळका कुणी मोडला?

कागद मी लिहिला. हे आधी सांगून टाकतो, मग बाकीचं.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. कविता करतो हे खात्यात सगळ्यांना ठाऊक. म्हणून कुणाचा अर्ज असला, कुणाची रजा असली, की ‘कवी, जरा लिहून दे’. त्या दिवशी पाळी सुटता सुटता गोदामाच्या ओट्यावरून हाक आली. ओलाव्यावरून नापास झालेल्या कापसाच्या साठ गाठी परत पाठवायच्या होत्या. एक गाठ 170 किलोची. म्हणजे 10,200 किलो, पाच माणसांच्या अंगावरून. ट्रक ओट्याला नीट लागलाच नव्हता, मध्ये हातभर फट. ती बुजवायला ट्रकचा मागचा फाळका आडवा पाडून त्याचाच पूल केलेला. फाळक्याला एका बाजूनं साखळी होती. दुसऱ्या बाजूला साखळीच्या जागी तारेचे वेढे. एकेचाळिसाव्या गाठीला तार सुटली, बिजागरी उपटली, फाळका वाकून खाली लोंबला. गाठ खाली. एका मामांच्या पायाचं बोट चेचलं.

ट्रकवाल्यानं 7,500 रुपये सांगितले. सायबानं मुकादमाकडं बघितलं, मुकादमानं हमालांकडं बघितलं. त्यांच्या मागं बघायला कुणी नव्हतं. पाचांच्या हमालीतून दीड दीड हजार कापायचे ठरले आणि कागद माझ्यापुढं आला. मी चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं की आमच्या हातून गाडीचा फाळका मोडला, भरपाई आम्हांस मान्य आहे. तीन सह्या, दोन अंगठे. चेचलेलं बोट कागदात नव्हतं. मलाही ते सुचलं नाही. कवी म्हणवतो साला.

दोस्तहो, रात्री त्या वाक्यानं मला झोपू दिलं नाही. मी काही व्याकरण शिकलेला माणूस नाही. पण दिवसभर आपण काय बोलतो ते आठवून बघा. ‘माल गेला.’ ‘गाडी भरली.’ ‘शेठनं आज चार गाड्या भरल्या.’ शेठनं! शेठनं आयुष्यात एक गाठ लोटलेली नाही. गाडी भरते तेव्हा हमाल वाक्यात कुठंच नसतो. माल आपोआप उठतो, आपोआप चढतो, पावती शेठच्या नावानं फाटते. आणि फाळका मोडला रे मोडला की त्याच हमालाला हाताला धरून वाक्यात पहिल्या जागेवर आणून बसवतात. मानाचा पाट! वर्षभरात तेवढं एकच वाक्य त्याच्या मालकीचं. ते लिहायला माझ्यासारखा एखादा सापडतोच.

हात लागला की दोष लागला, हा हिशेब आपल्याला नवा नाही. 1927 साली महाडला चवदार तळ्याला आपला हात लागला तेव्हा तळं बाटलं म्हणून ते ‘शुद्ध’ करून घेतलं होतं. पाण्यात काय बिघडलं ते कुणी बघितलं नाही, हात कुणाचा होता तेवढं बघितलं. इथंही तार कुणी बघितली नाही.

आता प्रश्न नीट मांडू. एखादी वस्तू मोडते तेव्हा तिला शेवटी कुणी हात लावला हे सगळ्यांना दिसतं. पण साखळी तुटल्यावर नवी न घेता तार गुंडाळणारा एक जण होता. ट्रक तिरपा लावून चहाला गेलेला एक जण होता. सात वाजायच्या आत गाडी काट्यावर पायजे म्हणून ओरडणारा एक जण होता. नगावर हमाली ठरवणारा एक होता, म्हणजे थांबून तार तपासली तर तेवढा वेळ हमालाच्याच पोटातून जाणार. यांतल्या प्रत्येकाला ‘थांबा’ म्हणता येत होतं. ज्यांना म्हणता येत नव्हतं ते पाच जण. माझ्या मते दोष मोजायचा तो इथून. ज्याला काम थांबवायचा जेवढा हक्क, त्याचा भरपाईत तेवढा वाटा.

कायदाही वाचला. पगारवाटपाचा 1936 चा कायदा म्हणायचा की नुकसानीपोटी पैसे कापायचे तर ती वस्तू त्या माणसाकडं सांभाळायला स्पष्ट सोपवलेली पाहिजे, नुकसान थेट त्याच्या हयगयीनं झालेलं पाहिजे, आणि कापण्याआधी त्याला बोलू दिलं पाहिजे. 2019 च्या वेतन संहितेतही हेच आहे. ट्रक हमालाकडं कुणी कधी सोपवलाय? त्याच्या सावलीत टेकला तरी क्लीनर उठवतो. बोटाचं म्हणाल तर काम करताना इजा झाली की भरपाई मालकानं द्यायची हे 1923 पासून कायद्यात आहे. म्हणजे त्या संध्याकाळी पैसा उलट्या दिशेनं जायला हवा होता. 1969 च्या माथाडी कायद्यात मालकानं हमाली मंडळाकडं भरायची आणि मंडळानं ती हमालाला द्यायची अशी सोय आहे. मधल्या मध्ये कात्री लावायला मुकादम उरत नाही. आमच्या ओट्यावरच्या पाचांची नोंद कुठल्याच मंडळात नाही.

हे सगळं घेऊन मी मामांकडं गेलो. पायाला फडकं बांधून बसले होते. म्हणालो, “मामा, तुमची काडीची चूक नाही.” मला वाटलं खूश होतील. ते चिडले.

“कोण म्हणतंय न्हाई? मला तार दिसली हुती. तीस वर्सं फाळकं बघतोय. दिसली हुती आन् मी बोललो न्हाई. माझी चूक न्हाई म्हन्जे काय, मी काय जॅक हाय व्हय?”

मी गप्प झालो. खरं आहे. त्याला सगळ्या दोषातून सोडवायला निघालो म्हणजे मीही त्याला वाक्यातून बाहेरच काढायला निघालो होतो. ज्याला चूकच करता येत नाही तो माणूस कसला, ते अवजार. मामांना चुकायचा हक्क पाहिजे. फक्त त्यांच्या एका न बोलण्याची किंमत दीड हजार आणि बाकीच्यांच्या करण्याची शून्य, हे त्यांना मान्य नाही. ते बोलले असते तर काय झालं असतं हेही त्यांनीच सांगितलं: “दुसऱ्या दिवशी ओट्यावर दुसरा मामा.”

आता मी दुसरा कागद लिहिलाय. तारेपासून सुरुवात केलीय. साखळी, तिरपा ट्रक, सात वाजायची घाई, बोट, सगळं क्रमानं. मामांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, “मुकादमाचं नाव ऱ्हायलं बघ. आन् माझं बी असू दे. पर शेवटाला.”

नाव घातलंय. उद्या पहिली पाळी सुटली की सायबाकडं घेऊन जायचाय. खाली लिहिणाराची सही मी केलीय, मागच्या कागदावर केली नव्हती.