उत्तराआधीचे तीन सेकंद

परिपाठ संपतो, हजेरी होते आणि तिसरी-चौथीची मुलं एकाच खोलीत बसतात. दोनशिक्षकी शाळेत असंच असतं. चौथीला उतारा वाचायला देऊन मी तिसरीकडे वळते. फळ्यावर लिहिते, ५२ वजा २७. किती उरले, असं विचारते. तिसरीच्या बाजूला शांतता पसरते.

ही शांतता रिकामी नसते. एक मुलगी छताकडे बघत असते. एकाचा अंगठा बोटांच्या पेरांवरून हळूहळू सरकत असतो. कुणी काड्यांचा एक गठ्ठा सोडतं, सुट्या काड्या बारा होतात, त्यातल्या सात बाजूला काढतं. कुणाचे नुसते ओठ हलतात. मूल विचार करतं ते डोक्याने, पण दिसतं अंगभर.

माझं डी.एड. टाळेबंदीतलं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आमचे सराव पाठ मोबाईलच्या पडद्यावर गेले. पाठाच्या टाचणात दोन रकाने असायचे, शिक्षकाची कृती आणि विद्यार्थ्याची कृती. मी प्रश्न विचारायचे आणि पलीकडून काहीच यायचं नाही. रेंज गेली का? आवाज बंद आहे का? मूल उठून गेलं, की खरंच विचार करतंय? चौकटीत फक्त चेहरा दिसे. मोजणारी बोटं चौकटीच्या खाली राहत. मग "आवाज येतोय ना?" हे वाक्य पुन्हा पुन्हा तोंडी येई. त्या वाक्याने मुलाचा विचार मध्येच तुटत असणार, हे आज वर्गात उभं राहिल्यावर कळतं.

त्या काळात पुष्कळ माणसांनी मनापासून काम केलं. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही शैक्षणिक मालिका लागायची. ज्या घरात इंटरनेट नव्हतं पण टीव्ही होता, तिथे ती पोचली. शिक्षक वाडीवस्तीवर जाऊन अंगणात, देवळाच्या ओट्यावर मुलांना शिकवत होते. या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तरी टीव्हीला एक गोष्ट करता येत नाही. प्रश्न विचारून समोरच्या मुलीसाठी तो थांबू शकत नाही.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन अभ्यासक होत्या. विज्ञान कसं शिकवावं, हा त्यांचा विषय. १९६० आणि १९७०च्या दशकांत त्यांनी प्राथमिक वर्गांतल्या संवादांची ध्वनिमुद्रणं ऐकली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात, ते मोजलं. बहुतेक जण सरासरी सेकंदभरच थांबत होते. ज्यांना ते हुशार समजत नव्हते, त्या मुलांना तर आणखी कमी वेळ मिळत होता. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. ज्याला वेळ जास्त हवा, त्यालाच तो सगळ्यात कमी मिळावा! यात कुणाचा दुष्टपणा नाही. उलट मायाच असते. मूल अडलेलं बघवत नाही, म्हणून आपण उत्तर पुढे करतो.

शिक्षकांनी हा वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली, मुलंच प्रश्न विचारू लागली. थांबण्याची आणखी एक जागा रो यांनी दाखवली, ती मला अधिक मोलाची वाटते. ती उत्तरानंतरची. मूल "पंचवीस" म्हणतं आणि आपण लगेच "शाब्बास" म्हणतो. तिथे विषय संपतो. काही न बोलता नुसतं त्याच्याकडे बघत राहिलं, तर ते आपणहून सांगू लागतं. "दोनातून सात जात नाहीत ना बाई, म्हणून मी एक गठ्ठा सोडला." खरं गणित या वाक्यात असतं. पंचवीस हा फक्त त्याचा शेवट.

सगळा दोष पडद्याला द्यावा, असंही मला वाटत नाही. मोबाईल असायचा वडिलांचा. ते कामावरून आले की रात्री मुलांचे आवाज वर्गाच्या मोबाईल ग्रुपवर यायचे. समोरासमोर कधी तोंड न उघडणारी एक मुलगी रेकॉर्ड करून छान, लांब उत्तरं पाठवायची. प्रश्न सकाळी मिळालेला असे, तिच्याजवळ अख्खा दिवस असे. पहिला प्रयत्न पुसून दुसरा करायची मुभा असे. हात वर करणाऱ्या चार जणांच्या घाईत ती सापडत नव्हती. थेट तासात जी सवड मिळत नव्हती, ती तिला त्या साध्या निरोपात मिळाली.

तिथलं एवढं मी वर्गात आणलं आहे. एखादा प्रश्न मधल्या सुट्टीच्या आधी फळ्यावर लिहून ठेवते. उत्तर तेव्हा घेत नाही. मुलं पोषण आहार खातात, पळतात, नळावर भांडतात आणि परत येतात. त्या वेळात कुणाकुणाच्या मनात प्रश्न चालू असतो. सगळ्यांच्या नसतो, आणि तेही ठीक आहे.

तीन सेकंद वाचायला किती थोडे वाटतात! वर्गात उभं राहिलं की ते लांब होतात. अभ्यासक्रम मागे पडेल, चौथीचा उतारा वाचून संपेल, दाराशी कुणी आलं तर बाई नुसत्याच उभ्या दिसतील, असं काय काय मनात येतं. नव्या शिक्षकाला बोलण्याचा सराव मिळतो. गप्प राहण्याचा सराव त्याला स्वतःच करावा लागतो. तो अवघड आहे, आणि माझ्या मते पाठाच्या तयारीइतकाच आवश्यक आहे.

आज तुम्ही घरातल्या एखाद्या मुलाला काही विचाराल. शाळेत काय झालं, हिशोबाचे किती पैसे परत आले, असं काहीही. विचारून झाल्यावर मनात तीन अंक मोजा. उत्तर आलं की पुन्हा तीन मोजा. आणि शेजारी मोठं भावंड बसलं असेल, तर कृपा करून त्याला मध्ये सांगू देऊ नका.