टाळ कर्कश आहेत

अभंगाचं ध्वनिमुद्रण मिक्स करायला बसलो होतो. कंटाळा आला होता, म्हणून पहिला हात एआयवर चालणाऱ्या मिक्सिंगच्या यंत्राला फिरवू दिला. काही सेकंद ऐकून त्याने निकाल दिला: टाळ कर्कश आहेत, खाली घ्या. खरखर काढणाऱ्या दुसऱ्या साधनाने तर तानपुऱ्यालाच हात घातला. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा नाहीतर एसी, एवढीच त्याची समजूत. उरलं ते गुळगुळीत आणि वारीच्या वाटेलाही न गेलेलं.

तरीही ही साधनं मी काढून टाकलेली नाहीत. कारण माझा कान थकतो. तीन-चार तास ऐकल्यावर वरच्या पट्टीतली धार जाणवेनाशी होते, मग आपण ती वाढवत राहतो आणि सकाळी ऐकलं की कानठळ्या बसतात. यंत्राला रात्रीचे दोन वाजलेले कळत नाहीत. पेटी आणि गळा एकाच पट्ट्यात एकमेकांना झाकताहेत, हे ते तेव्हाही बिनचूक दाखवतं. ‘स’च्या शिट्या शंभर ठिकाणी दाबणं ही तर निव्वळ हमाली; ती त्याने खुशाल करावी.

काही कामं तर माणसाच्या हातून झालीच नसती. जॉन लेननने 1970च्या दशकात घरी कॅसेटवर ‘नाऊ अँड देन’ हे गाणं गाऊन ठेवलं होतं. 1995मध्ये उरलेल्या तिघा बीटल्सनी ते पुरं करायला घेतलं आणि सोडून दिलं, कारण पियानोतून गळा सुटत नव्हता. पुढे संगणकाने तो सोडवला आणि 2023मध्ये गाणं आलं. पण त्या गळ्याभोवती काय वाजवायचं, हे त्या तिघांपैकी पॉल मॅकार्टनी आणि निर्माते जाइल्स मार्टिन यांनीच ठरवलं.

सोडवणं आणि ठरवणं यांतला हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. यंत्र शिकतं ते आधी झालेल्या गाण्यांवरून. म्हणजे नेहमीचं काय, ते त्याला ठाऊक असतं. सूर सरळ करणारं साधन बारा स्वरांच्या चौकटीवर लावलं, तर दरबारी रागातला आंदोलित गंधार त्याला बेसूर वाटणार आणि ते तो इस्त्री करून देणार. यात दोष साधनाचा नाही, ते तिथे लावणाऱ्याचा आहे.

त्या अभंगातले टाळ मी पुन्हा वर घेतले, तानपुराही परत आणला. ‘स’ मात्र यंत्राने दाबले होते तसेच ठेवले.