टाकीतला सूर्य

लक्समीटर हे यंत्र म्हणजे माणसाच्या डोळ्याची नक्कल. हिरवट-पिवळा उजेड आपल्या डोळ्याला सगळ्यात जास्त जाणवतो, म्हणून 555 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश हे यंत्र भरघोस मोजतं आणि गडद निळा जवळजवळ सोडून देतं. वर्गातल्या शेवटच्या बाकावर वाचण्यापुरता उजेड पडतो का, हे बघायला ते उत्तम. समुद्राखालच्या प्रवाळाला किती उजेड मिळतो असं विचारलं, तर मात्र त्याचं उत्तर ऐकण्यात अर्थ नाही. प्रवाळाला हवा असतो तो प्रामुख्याने निळाच उजेड. त्यासाठी वेगळं माप आहे, त्याला पार म्हणतात: 400 ते 700 नॅनोमीटरमधले किती फोटॉन एका सेकंदात एका चौरस मीटरवर पडतात, याची सरसकट मोजणी. एकच दिवा, दोन मापं आणि दोन निराळी उत्तरं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लुमेन छापलेले असतात, कारण दिवे माणसं विकत घेतात.

हे सगळं मला वर्षानुवर्षं शिकवून पाठ होतं. त्यात काही नैतिक प्रश्न दडला असेल असं वाटलं नव्हतं. तो प्रश्न माझ्यापुढे आणला भाच्याने. तो पुण्याला असतो. म्हसवडजवळ त्याने बंगला बांधला आणि दिवाणखान्यात दोनशे लिटरची समुद्री टाकी बसवायचं ठरवलं. तो महिन्यातून एखाद्या वेळी येणार, एरवी टाकी बघणार मी. "मामा, एलईडी कुठला घेऊ तेवढं सांगा," असं त्याने फोनवर विचारलं, आणि पाठोपाठ तीन दिव्यांची चित्रं पाठवली. तिन्ही चित्रांत टाकी निळीजांभळी होती आणि आतले जीव नारिंगी-हिरवे पेटल्यासारखे दिसत होते.

माणमध्ये समुद्र, हे ऐकून कोणीही हसेल. वर्षाला सरासरी पाऊस जेमतेम साडेचारशे-पाचशे मिलिमीटर, तोही लहरी. 2012-13 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये इथे जनावरांच्या चारा छावण्या लागल्या होत्या, माणसं गुरांबरोबर छावणीतच राहत होती. अशा गावात खारं पाणी बनवायचं म्हणजे आधी बोअरचं जड पाणी आरओतून काढायचं आणि एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर बाजूला टाकायचं. दर आठवड्याला टाकीतलं वीस लिटर बदलायचं. उन्हाळ्यात रोज दोन-चार लिटर वाफ होऊन जाणार, तेही भरायचं. शेजाऱ्यांनी टोमणा मारलाच, "प्यायला टँकर आणि घरात दर्या!" पण खरं सांगायचं तर मला हा आक्षेप फार वजनदार वाटत नाही. आरओचं टाकाऊ पाणी अंगण धुवायला, झाडांना वापरता येतं, आणि पाण्याच्या उधळपट्टीचा हिशेब मांडायचाच असेल तर तो उसापासून सुरू करावा. दोनशे लिटरच्या टाकीला धारेवर धरणं सोपं असतं, कारण ती दिवाणखान्यात दिसते.

गंमत अशी की प्रवाळाला लागणाऱ्या गोष्टींपैकी एक आमच्याकडे मुबलक आहे: ऊन. मे महिन्यातल्या दुपारी माणच्या माळावर पारचा आकडा दोन हजारांच्या आसपास जातो. टाकीतल्या मऊ प्रवाळांना पन्नास ते दीडशे पुरतो. मग खिडकीतून आलेलं ऊन का चालत नाही? कारण उन्हाबरोबर ताप येतो. या जीवांना पाणी पंचवीस-सव्वीस अंशांचं लागतं, तीसच्या पुढे गेलं की त्यांची तारांबळ होते. पूर्वी टाकीवर अडीचशे, चारशे वॉटचे मेटल हॅलाइड दिवे टांगत, ते पाणी तापवत आणि मग ते थंड करायला दुसरं यंत्र लागे. निळा एलईडी आला आणि हे बदललं. त्याच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं. आज आमच्या दिवाणखान्यात समुद्राचा विचार होऊ शकतो, तो त्यांच्यामुळे.

प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींत एकपेशीय शैवालं राहतात. ती उजेडावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. समुद्राचं पाणी तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषून घेतं, निळा खोल जातो; म्हणून निळ्याचं महत्त्व. या शैवालांमुळेच निरोगी प्रवाळ पुष्कळदा तपकिरी, मातकट दिसतं. पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एखाद्या अंशाने वर जाऊन काही आठवडे तसंच राहिलं, किंवा उजेड अचानक वाढला, की ही भागीदारी मोडते. शैवालं बाहेर पडतात, प्रवाळ पांढरं पडतं आणि उपाशी राहतं. लक्षद्वीपमध्ये हे 1998, 2010 आणि 2016 साली मोठ्या प्रमाणावर झालं.

इथे कायद्याचं सांगून टाकतो, कारण दिवा निवडण्याआधी दिव्याखाली काय ठेवणार हे ठरवावं लागतं. सगळी दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्रपंखे हे 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. जिवंत तर नाहीच, त्यांचा मेलेला दगडही घरात ठेवता येत नाही. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी 2020 मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या 18 प्रवाळ वसाहती हलवायच्या होत्या, तर महापालिकेलाही वनखात्याची परवानगी काढावी लागली. (आपल्या आज्या बोटात पोवळं घालून फिरल्या, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते तांबडं प्रवाळ निराळं, अंधाऱ्या जागी वाढणारं, त्याला शैवालांची भागीदारी नसते.) तेव्हा भाच्याला मी पहिली अट घातली: दगडी प्रवाळ नाही, खडक चिनीमातीचे. राहिली ती अळंबीसारखी दिसणारी आणि बटणांसारखी उगवणारी मऊ जातकुळी, जी या यादीत नाही. ती तरी दुकानदाराच्या टाकीत वाढलेली की कुठल्या तरी खडकावरून खरवडलेली, हे दुकानदाराला विचारायचं आणि सरळ उत्तर आलं नाही तर उठून यायचं. भाच्याने हे सगळं मान्य केलं. वाद झाला तो दिव्यावरूनच.

त्याने पसंत केलेला दिवा जवळजवळ पूर्ण निळा होता. पारच्या हिशेबात त्यात काही खोट नव्हती, प्रवाळ त्याच्याखाली खुशाल जगेल. मग मी का अडून बसलो?

या जीवांच्या अंगात अशी प्रथिनं असतात जी निळा प्रकाश घेतात आणि हिरवा, नारिंगी, तांबडा परत सोडतात. पांढऱ्या उजेडात हे चकाकणं इतर रंगांत बुडून जातं. निळ्यात बाकी सगळं काळोखात जातं आणि तेवढंच पेटून उठतं. दुकानांत आणि जाहिरातींत प्रवाळ निळ्याखाली दाखवतात ते म्हणूनच. घरी आणून साधा दिवा लावला की गिऱ्हाइकाला वाटतं, फसवलं. फसवलं असं नाही म्हणता येणार, ती चकाकी खरीच आहे. पण तिच्यामागे काय झाकलं जातं ते बघा. प्रवाळ आजारी पडलं की हंबरत नाही, पळत नाही, अन्न टाकून कोपऱ्यात बसत नाही. त्याच्याकडे खुणा दोनच: अंग आणि रंग. उजेड कमी पडला की बटणं देठ ताणून वर येतात, जास्त झाला की अंग चोरतात. ते उशिरा कळतं. त्याआधी रंग फिकटतो, तपकिरी उणावते. आणि भरगच्च निळ्या उजेडात नेमकी तपकिरी दिसेनाशी होते. निरोगी आणि फिकटलेला, दोघेही सारखेच झळाळतात. काही दगडी जातींत तर याहून विचित्र घडतं. शैवालं गेल्यावर उघड्या पडलेल्या अंगावर उजेड जास्त आदळतो, तेव्हा बचावासाठी त्या रंगद्रव्यं वाढवतात आणि उपासमारीच्या काळातच गुलाबी, जांभळ्या, पिवळ्या होऊन बसतात. बघणारा म्हणतो, काय सुरेख!

माझं म्हणणं एवढंच होतं: ज्या जीवाला बोलायला फक्त रंग आहे, त्याच्यावर रंग झाकणारा दिवा लावायचा नाही. निदान दिवसातले काही तास नाही.

यावर भाच्याचं उत्तर हुशारीचं होतं. "मामा, त्याला मेंदू नाही. नुसतं मज्जातंतूंचं जाळं. त्याला दुःख कळत नाही, मग आपण कोणाचं देणं लागतो?" हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. प्रवाळाला बैलासारखं दुखत असेल असं मलाही वाटत नाही. पण देणं फक्त दुःखातूनच तयार होतं का? आमच्याकडे उन्हाळ्यात डोक्यावरून घागर नेऊन आंब्याचं रोप जगवणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. रोपाला दुखतं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. तरी कोणी हाताने लावलेलं रोप पाण्यावाचून वाळवलं, तर गाव त्याला नाव ठेवतं. माळावर आपोआप उगवून वाळलेल्या बाभळीबद्दल कोणी कोणाला बोलत नाही. फरक दुखण्याचा नाही, फरक कोणी लावलं याचा आहे. ज्याला पावसाच्या भरवशावरून काढून आपल्या भरवशावर आणलं, त्याचं बरंवाईट आपल्याकडे येतं. मग प्रवाळाचं काय? बैलाचा चारापाणी आपण बघतो, पण त्याचा सूर्य निदान आपल्या हातात नसतो. टाकीतल्या जीवाचा सूर्य, चंद्र, लाटा, मीठ सगळं एका माणसाच्या हातात, आणि तो माणूस कधी झोपलेला, कधी परगावी.

दिवा लावून जीवांकडून काही मिळवणं शेतकऱ्याला नवीन नाही. अंड्यांच्या कोंबड्यांना शेडमध्ये सोळा तास उजेड देतात. ड्रॅगन फ्रूटच्या बागेत थंडीत रात्री एलईडीच्या माळा पेटवून अवेळी फुलं आणणारे शेतकरी महाराष्ट्रात आहेत. त्यातल्या काहींवर टीका करता येईल, पण तिथला व्यवहार उघडा आहे: उजेड आमच्या फायद्यासाठी, आणि फायदा अंड्यात, फळात मोजला जातो. बाग पिवळी पडली तर शेतकऱ्याला आधी दिसतं, कारण त्याचं पोट तिच्यावर आहे. टाकीतलं प्रवाळ अंडी देत नाही, फळ देत नाही. त्याच्याकडून आपण घेतो ते फक्त दिसणं. त्यामुळे ते बरं असण्यापेक्षा बरं दिसण्यात आपला स्वार्थ गुंततो. कोंबडीवाल्याला हा मोह नाही, आम्हाला आहे.

मोह पुढे रात्रीपर्यंत जातो. या दिव्यांत चांदण्याची सोय असते, रात्रभर मंद निळा उजेड. भाच्याला ती फार आवडली. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज यांच्या गटाने टाकीतल्या प्रवाळांना विणीला आणलं, तेव्हा त्यांनीही एलईडी वापरले, पण पद्धत पाहण्यासारखी होती. सूर्य उगवायची आणि मावळायची वेळ ऋतूप्रमाणे बदलायची, पाण्याचं तापमान त्याच्याबरोबर, आणि चंद्राची कला रोज थोडी वाढवायची, थोडी घटवायची. कितीतरी प्रवाळं पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्रींना वितात, त्यासाठी पौर्णिमा जितकी लागते तितकीच अमावास्याही. आमच्या टाकीतली अळंबी काही विणार नाहीत कदाचित. तरी रोजच पौर्णिमा लावून ठेवणं हे चांदणं त्यांच्यासाठी नाही, रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसासाठी आहे. त्याला टॉर्च पुरेल.

शेवटी दिवा घेतला तो निळ्या आणि पांढऱ्या एलईडींचे वेगवेगळे चॅनेल असलेला, भाच्याने निवडलेल्या दिव्याहून थोडा महाग. महिनाभर तीस टक्क्यांवर ठेवून हळूहळू वाढवायचा. सकाळी निळा चढत येईल, दुपारी चार तास पांढरा भरपूर मिसळलेला, संध्याकाळी तासभर निव्वळ निळा, मग अंधार. इन्व्हर्टर मात्र दिव्याला जोडलेला नाही, पंपाला जोडला आहे. वीज गेली तर प्रवाळ एखादा दिवस अंधारात काढेल, पण पाणी हललं नाही तर मासे काही तासांत गुदमरतील. दुपारच्या त्या चार तासांत मी खुर्ची ओढून बसतो. टाकी तेव्हा अगदीच साधी दिसते, ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडासारखी. बघायला आलेली माणसं दोन मिनिटांत चहाकडे वळतात.

भाचा यातल्या निम्म्या गोष्टींना राजी आहे. त्याचं म्हणणं, पैसे मी घातले, महिन्यातून दोन दिवस येतो, तेवढे दोन दिवस मला हवं तसं बघू द्या. यात मला काही गैर दिसत नाही, आणि तसं मी त्याला सांगितलंही. प्रश्न उरलेल्या अठ्ठावीस दिवसांचा आहे. टाकीवर त्याने कॅमेरा बसवला आहे आणि दिवा फोनवरून चालतो. सिद्धनाथाच्या यात्रेला घरी पाहुणे होते, तेव्हा भर दुपारी बाराला पांढरा बंद होऊन टाकी निळी झाली. मी पुण्याला फोन लावला. तो हसून म्हणाला, "मामा, पाहुण्यांना दाखवायला तासाभरापुरतं केलंय." तासाभराने दिवा खरंच पूर्ववत झाला. ॲपचा पासवर्ड अजून त्याच्याकडेच आहे.