अव्यवस्थेची मोजपट्टी

सजीवांतल्या भूमितीचा विषय निघाला की फार काळ मधमाशीच्या पोळ्याचेच उदाहरण पुढे येई. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या पॅपसने लिहिले, की तेवढ्याच मेणात त्रिकोण किंवा चौकोनापेक्षा षट्कोनात अधिक मध मावतो. जागेची सारखी वाटणी करताना कमीत कमी भिंत षट्कोनांनाच लागते, याची पूर्ण सिद्धता टॉमस हेल्स यांनी १९९९मध्ये दिली. पण इतक्या देखण्या उदाहरणाने एक सवयही लावली: रचना एकतर नियमित असते, नाहीतर नसते. सजीवांच्या बहुतेक ऊती मात्र या दोहोंच्या मधल्या प्रदेशात असतात.

१९२०च्या दशकात फ्रेडरिक लुईस यांनी काकडीच्या सालीतल्या पेशींच्या बाजू मोजल्या. पंचकोन, षट्कोन, सप्तकोन यांची सरमिसळ. सरासरी मात्र सहाच्या जवळ. त्या सरासरीचे श्रेय काकडीला देता येत नाही. जिथे तीन-तीन पेशी एका बिंदूत मिळतात, अशा कुठल्याही मोठ्या जाळीत ती ऑयलरच्या सूत्रातूनच निघते. ऊतीचा स्वभाव कळतो तो या सरासरीभोवतीच्या विखुरणीवरून.

खरे वळण आले १९५४मध्ये. क्लार्क आणि इव्हान्स या परिस्थितिकीच्या अभ्यासकांनी रोपापासून सर्वांत जवळच्या रोपापर्यंतचे अंतर घेतले आणि विचारले: ही रोपे निव्वळ योगायोगाने विखुरली असती, तर हे अंतर किती भरले असते? मोजणीचा प्रारंभबिंदू आदर्श आकृतीवरून यदृच्छेवर आला. मला हा बदल कुठल्याही नव्या सूत्रापेक्षा मोठा वाटतो.

१९७८मध्ये व्हेस्ले आणि रीमान यांनी तोच विचार सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलावर नेला: जवळच्या शेजाऱ्याच्या अंतराची सरासरी भागिले प्रमाण विचलन. यदृच्छेने टाकलेल्या ठिपक्यांसाठी हा आकडा सुमारे १.९ येतो. पण पेशी म्हणजे ठिपका नव्हे. दोन पेशी एकाच जागी बसू शकत नाहीत. त्यामुळे नुसत्या दाटीनेही आकडा वाढतो आणि नसलेली शिस्त दिसू लागते. म्हणून पुढच्या अभ्यासकांनी तुलनेची यदृच्छाच बदलली: पेशीभोवतीची थोडी जागा राखून ठेवायची, बाकी सारे योगायोगावर सोडायचे. या क्षेत्रातले सर्वांत प्रामाणिक पाऊल हेच, असे माझे मत आहे.

२०१४मध्ये कोंबडीच्या डोळ्याने आणखी एक धडा दिला. तिथल्या पाच प्रकारच्या शंकूपेशी पाहायला अस्ताव्यस्त दिसतात. पण मोठमोठी वर्तुळे टाकून आतल्या पेशी मोजल्या, तर संख्येतला चढउतार, म्हणजे तिचे विचरण, यदृच्छेप्रमाणे क्षेत्रफळासोबत वाढत नाही. ते परिघाच्या प्रमाणात वाढते. हे प्रत्येक प्रकाराला वेगवेगळे लागू पडते आणि पाचांना मिळूनही. जवळच्या शेजाऱ्याचे अंतर कितीही काटेकोर मोजले, तरी दूरवर पसरलेली ही शिस्त हाती लागली नसती.

सर्व पेशींमध्ये जवळून ढकलाढकल आणि सजातीय पेशींमध्ये जरा लांबून दुरावा, एवढ्या दोन नियमांवर कोंबडीच्या डोळ्याचा हा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी ही मांडणी संगणकावर उभी केली. सजातीय पेशी जवळ आहे हे प्रत्यक्ष डोळ्यात पेशीला कसे कळते, याचे उत्तर मात्र अंतरांच्या तक्त्यात नाही; त्यासाठी अंड्यात घडत असलेल्या पिल्लाचा डोळा तपासावा लागतो.